बॉक्सरची उचल

दसरा आठवड्यावर आला होता, तेव्हा आमच्या तालुक्यात ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ होता. एकोणीस वर्षांचा पोरगा, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा थोरला, पुण्यातल्या एका हॉलमध्ये व्यावसायिक बॉक्सिंगची पहिलीच लढत खेळतोय. चार राउंडची लढत. दुसऱ्या राउंडमध्ये तो दोरांना टेकलाय, दोन्ही हात कानांपाशी, आणि समोरचा एकामागून एक ठोसे काढतोय. रेफ्री मधे पडेपर्यंत मी मोजले, चौदा. डोक्याला गार्ड नाही, अंगात बनियन नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये दोन्ही नसतं, हे निम्म्या तालुक्याला त्या दिवशी कळलं. व्हिडिओ पाऊण मिनिटाचा. त्यावरचा वाद महिनाभर चालला, आणि इतका वाईट चालला की शेवटी हे लिहायला बसलो.

एका बाजूला मास्तर मंडळी, दोन डॉक्टर आणि एक निवृत्त मंडळ अधिकारी. त्यांचं म्हणणं असं की हा खेळ नव्हेच, खाटीकखाना आहे, बंदी घाला. पोरानं शाळा-कॉलेजच्या स्पर्धा खेळाव्यात आणि पाच टक्क्यांच्या क्रीडा आरक्षणातून पोलिसात लागावं. दुसऱ्या बाजूला जिमची पोरं. त्यांच्या स्टेटसवर पॅकियाओ आणि विजेंदर हे नावाजलेले बॉक्सर. ज्याच्या मनगटात दम आहे त्यानं कमवावं, तुमच्या पोटात का दुखतं, हा त्यांचा सवाल. मास्तरांना त्या पोराचं फुटलेलं तोंड दिसत होतं, पोरांना त्याचे दंड दिसत होते. त्याच्या हातातला कागद कुणी मागितला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. व्यावसायिक बॉक्सिंग हे काम आहे आणि बॉक्सर हा कामगार आहे. शौर्य, संस्कृती, क्रौर्य असले मोठाले शब्द बाजूला ठेवून त्याला तेच प्रश्न विचारले पाहिजेत जे कुठल्याही मजुरीला विचारतात. मजुरी किती आणि ती कोण ठरवतं? हातात कधी पडते? अंगाला इजा झाली तर दवाखाना कुणाचा? आणि नको वाटलं तर सोडून जाता येतं का? या प्रश्नांची उत्तरं नीट असतील तर सज्ञान माणसाला रिंगमध्ये उतरू द्यावं. नसतील, तर त्याच्या मनगटातल्या दमाचं कौतुक करणारे आणि त्याची कीव करणारे, दोघंही त्याच्या काही उपयोगाचे नाहीत.

हे मी बॉक्सिंगचा जाणकार म्हणून बोलत नाही. मी केजच्या कोर्टात वकिली करतो आणि बावीस वर्षं ऊसतोडीचे मुकादम आणि मजुरांच्या टोळ्यांमधले उचलीचे, म्हणजे आगाऊ रकमेचे, दावे बघतोय. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी ते बाप-लेक माझ्या ऑफिसात आले ते त्यामुळेच. पोराच्या उजव्या भुवईवरचे टाके नुकतेच काढलेले, जागा अजून गुलाबी. बापाच्या हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लढती भरवणाऱ्या प्रमोटरचा नऊ पानांचा करार, पहिलं पान पाचशेच्या स्टॅम्पचं. सगळं इंग्रजीत. पोराला एवढंच ठाऊक होतं की शेवटच्या पानावर सही करायची आणि सही केली की साठ हजार मिळतात.

मी वाचून मराठीत सांगत गेलो. तीन वर्षं दुसऱ्या कुणासाठी लढायचं नाही. तीन वर्षांनी प्रमोटरला वाटलं तर आणखी दोन वर्षं; बॉक्सरला वाटून उपयोग नाही. लढतीचे पैसे ‘वेळोवेळी प्रमोटर ठरवील ते’. राहणं, खाणं, कोच, प्रवास, ग्लव्हज, तपासण्या हे सगळं प्रमोटर बघणार, आणि सगळं लढतीच्या पैशातून वळतं करून घेणार. साठ हजार तेही वळते होणार. लढतीला ऐनवेळी नकार दिला तर दंड. दुखापतीची जोखीम बॉक्सरची. वाद झाला तर कोर्ट मुंबईचं. मी पाचव्या पानावर होतो तेव्हा बाप म्हणाला, “सायेब, म्हंजी ही उचलच की.”

त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बीड जिल्ह्यात ज्यानं कोयता धरलाय त्याला उचल काय असते ते जन्मापासून कळतं. पावसाळ्यात, हात रिकामे असतात तेव्हा, मुकादम जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, रक्कम देतो. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते. मग फडात तोडलेल्या टनांतून ती रक्कम फिटत जाते. आजारी पडलं की खाडा. बाळंतपण आलं की खाडा. हंगाम संपला तरी हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि फिटली नाही तर पुढचं वर्ष त्याच मुकादमाचं. ही वही आणि ती नऊ पानं मी शेजारीशेजारी ठेवली असती तर भाषा सोडून फरक सापडला नसता. एक फरक बापानंच काढला. “आमची उचल आमी दोघं फिटवितो. औंदा नाय फिटली तर फुडल्या सालाला. ह्यो एकटा. अन् ह्याची फिटायची कशानं? मार खाऊन?”

मला मात्र वेगळीच गोष्ट उमगत नव्हती. हरलेल्या पोराला तीन वर्षांचा करार कशाला? दुसऱ्या राउंडमध्ये थांबवलेल्या माणसावर साठ हजार कोण लावतो? उत्तर या धंद्याच्या रचनेत आहे, आणि जिमच्या पोरांनी ते समजून घ्यायला हवं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये होतकरू खेळाडूचं भांडवल म्हणजे त्याचा रेकॉर्ड. बारा लढती, बारा विजय. असा कोरा करकरीत रेकॉर्ड असला की तिकिटं खपतात, टीव्हीवाले विचारतात. पण बारा विजय हवे असतील तर बारा वेळा समोर कुणीतरी हरायला हवा, आणि तोही असा की लगेच कोसळणार नाही, लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल. ब्रिटनमध्ये हे उघड काम आहे. बर्मिंगहॅमचा पीटर बकली नावाचा बॉक्सर २००८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३०० लढती होत्या. त्यांतल्या २५६ तो हरला होता, ३२ जिंकला, १२ बरोबरीत. आकडा वाचून हसू येतं. पण बकली आपल्या कामात तरबेज होता. आयत्या वेळी फोन आला तरी उभा राहायचा, अंगावर फार घ्यायचा नाही, ठरलेले राउंड काढायचा आणि ठरलेले पैसे घेऊन घरी जायचा. त्याच्यामागे परवाना देणारं मंडळ होतं, रिंगपाशी डॉक्टर होता. आमचा पोरगा डावखुरा आहे, म्हणजे नवशिक्यांना सरावासाठी हवाहवासा. जबडा घट्ट आहे. पळत नाही. चौदा ठोसे खाऊन पायांवर उभा राहिला. तालुक्याला त्या व्हिडिओत त्याची हार दिसली, प्रमोटरला त्यात माल दिसला. करार त्याला जिंकवायला आलेलाच नव्हता.

आता मास्तर आणि डॉक्टर मंडळींकडे वळतो, कारण त्यांचा मुद्दा या वादातला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो मी हलका करून मांडणार नाही. क्रिकेटमध्येही डोक्याला चेंडू लागतो, असं जिमची पोरं म्हणतात. लागतो, पण तो अपघात असतो. बॉक्सिंगमध्ये समोरच्याच्या मेंदूला हादरा देणं हेच यश असतं. नॉकआऊट म्हणजे दुसरं काय? आणि हे आज कळलेलं नाही. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरनं १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं की बॉक्सरांची चाल अडखळते, बोलणं जड होतं, बुद्धी मंदावते. मुहम्मद अलीची शेवटची लढत १९८१ च्या डिसेंबरात झाली आणि १९८४ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याला पार्किन्सनचं निदान झालं. ते किती ठोशांमुळे आणि किती नशिबानं, यावर डॉक्टर वाद घालोत. थरथरणारा अली सगळ्या जगानं पाहिलाय. १९८२ मध्ये लास व्हेगासला दक्षिण कोरियाचा डुक कू किम चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांत गेला. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या आईनं आणि त्या लढतीच्या रेफ्रीनं, दोघांनी, आपला जीव घेतला. आपल्याकडे २०२२ मध्ये बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या लढतीत एक तरुण मेला, आणि तिथं वैद्यकीय सोयच नव्हती असा आरोप घरच्यांनी केला. हे सगळं मान्य. शिवाय लढतीत लागतं त्याहून किती तरी जास्त सरावात, रोजच्या स्पारिंगमध्ये लागतं, आणि त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही, हेही मान्य. माझा मुलगा म्हणाला असता की मला यात जायचंय, तर मी दारात आडवा झोपलो असतो.

पण माझ्या मुलासाठी आडवं होणं आणि दुसऱ्याच्या मुलासाठी कायदा करणं या दोन गोष्टी एक आहेत का? मी आडवा झालो तर माझ्या मुलासमोर दुसरे चार रस्ते असतात, मी ते फी भरून तयार केलेले असतात. त्या पोराला अडवून मी त्याला कुठं पाठवणार? फडात? स्वीडननं १९७० मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली आणि पस्तीसेक वर्षांनी ती सैल केली. नॉर्वेनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घातली. तिथं वाढलेली सेसिलिया ब्रेकहुस व्यावसायिक बॉक्सर झाली, जगज्जेती झाली, आणि हे सगळं तिला परदेशात जाऊन करावं लागलं; २०१४ मध्ये तिनं आपल्या वजनगटातले सगळे जागतिक किताबांचे पट्टे एकवटले आणि त्याच वर्षाच्या शेवटी नॉर्वेनं बंदी उठवली. हे श्रीमंत, शिस्तीचे देश. आपल्या राज्यात बंदी म्हणजे काय होतं ते २००५ मध्ये डान्सबारच्या वेळी दिसलंच. नाचणाऱ्या बायकांच्या भल्यासाठी म्हणून बंदी आली. त्या बायकांनी उद्या खायचं काय, हे बंदी घालणाऱ्यांनी सांगितलं नाही. पुढं २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात ती बंदी टिकली नाही. तोवर आठ वर्षं गेली होती. बॉक्सिंगवर बंदी आली तर पुण्यातल्या हॉलमधली लढत नगर रोडच्या एखाद्या गोदामात जाईल. तिथं पाऊण मिनिटाचा व्हिडिओही निघणार नाही आणि रेफ्रीही मधे पडणार नाही.

आणि शरीर झिजवून पोट भरणं जर बंदीला पुरेसं कारण असेल, तर सुरुवात बॉक्सिंगपासून का? २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीपुढे आलेले आकडे बीड जिल्ह्यातल्या माणसानं विसरू नयेत. पाहणीतल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या होत्या. गावात म्हणतात, “पिशवी काढली.” दात काढला म्हणावं तसं. खाडा पडू नये म्हणून, पोटदुखीला भिऊन, कुणी डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली म्हणून. तेव्हा साखरेवर बंदी घाला असं एक तरी मास्तर म्हणाला का? चहा गोडच प्यायलो सगळे. एका अन्यायानं दुसरा झाकला जात नाही, हे मला कळतं, आणि मी तो झाकतही नाही. मी एवढंच विचारतोय की ऊसतोडीच्या बाबतीत आपल्याला कळलं की प्रश्न उसाचा नसून उचलीचा, खाड्याचा, दवाखान्याचा आहे, मग बॉक्सिंगच्या बाबतीत तेच कळायला काय अडचण आहे?

याहून मासलेवाईक उदाहरण बैलांचं. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा राज्यभर आंदोलनं झाली. मग आपण केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारा कायदा केला, नियम केले. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी, पळण्याच्या अंतराला मर्यादा, आयोजकाची अनामत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. चांगलं झालं. मला शंकरपट आवडतो. पण आज स्थिती अशी आहे की या राज्यात शर्यतीत पळणाऱ्या बैलासाठी कायदा आहे आणि पैसे घेऊन ठोसे खाणाऱ्या पोरासाठी नाही. व्यावसायिक बॉक्सिंगचं नियमन करणारी, कायद्यानं स्थापन झालेली एकही संस्था देशात नाही. खासगी संस्था परवाने देतात. त्यांतल्या काही प्रामाणिकही असतील. पण नॉकआऊट झालेल्या पोराला एकीनं काही दिवस थांबवलं तर दुसरीच्या परवान्यावर त्यानं उतरू नये, हे बघायला कोण बसलंय?

नोकरीच्या रस्त्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण मास्तरांचा तो हुकमी एक्का. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कुस्तीचं कांस्य आणलं आणि तो पोलिसात डीवायएसपी झाला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात होता म्हणून स्टीपलचेस धावायला लागला आणि आशियाई सुवर्णापर्यंत गेला. आमच्या जिल्ह्याची मान या दोघांनी वर केली. शासकीय नोकरी आणि सैन्य हे खेळाडूला सांभाळणारे आजवरचे सगळ्यात भरवशाचे मालक आहेत, हे मी नाकारत नाही. पण हे दोघं जगाच्या पातळीवरचे खेळाडू आहेत, आणि धोरण जगज्जेत्यांसाठी करायचं नसतं. शंभरात पाच जागा, त्या सगळ्या खेळांत वाटलेल्या, आणि त्यासाठी निदान राज्यात पहिल्या तिघांत यायला हवं. हा पोरगा विभागात पहिला आला आणि राज्यात उपांत्यपूर्व फेरीत गळाला. म्हणजे कागदावर शून्य. वर, ज्या खेळाचं नाव गावानं ऐकलेलं नाही अशा ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या लाटल्याचं प्रकरण आमच्याच विभागात गाजलं. ज्यानं खरंच चार वर्षं घाम गाळला त्यानं ते वाचून काय करायचं? ‘पोलिसात लाग’ हा सल्ला आहे, योजना नाही.

संस्कृतीवाल्यांसाठी फार जागा घालवत नाही. पैशासाठी लढणं आपल्या मातीत नाही, असं एकानं मोठ्या आवेशानं लिहिलं. माळेगावच्या यात्रेत दंगल बघायला हा गृहस्थ कधी गेला नसावा. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत तिथं पैसाच बोलतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७७ मध्ये बेळगावला सतपालला हरवलं, ती कुस्ती लोक अजून सांगतात; त्या आखाड्यातही इनाम होतंच. उलट आपल्या कुस्तीनं शिकवलेला धडा वेगळा आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीहून पदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांना तिथं जाण्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा वर्षांनी. टाळ्या वाजवायला आपण कधीच कमी पडलो नाही. आणि ठोशाचं परकेपण म्हणाल, तर जगज्जेती बॉक्सर निखत जरीन निजामाबादची. नांदेडहून ते काही तासांवर आहे, आणि एकेकाळी आपण सगळे एकाच निजामाच्या राज्यात होतो.

आता जिमच्या पोरांचा मुद्दा. त्याची मर्जी, त्याचं अंग, त्याची कमाई. पॅकियाओ चौदाव्या वर्षी घर सोडून मनिलाला आला, रस्त्यावर झोपला आणि आठ वजनगटांत जगज्जेता होऊन पुढं सिनेटर झाला. खरंय. पण प्रत्येक पॅकियाओच्या रेकॉर्डमध्ये पन्नास-साठ नावं हरलेल्यांची असतात, आणि स्टेटसवर त्यांतलं एकही नसतं. विजेंदरचं घ्या. २०१५ च्या ऑक्टोबरात तो मँचेस्टरला पहिली व्यावसायिक लढत खेळला. ओळीनं बारा जिंकला, मग २०२१ मध्ये गोव्यात, कॅसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर, पहिल्यांदा हरला. पण तो करारावर सही करायला बसला तेव्हा त्याच्यापाशी २००८ चं ऑलिंपिक पदक होतं, हरियाणा पोलिसातलं पद होतं, आणि ब्रिटनमधला मोठा प्रमोटर समोरून आला होता. निशांत देवही पॅरिसची ऑलिंपिक खेळून मग २०२५ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या रिंगमध्ये उतरला. नाही म्हणण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे त्याच्या होकाराला मर्जी म्हणतात. उचल घेणारंही जोडपं मर्जीनंच अंगठा देतं की. गेल्या बावीस वर्षांत एकाही मुकादमानं मला वेगळं सांगितलेलं नाही.

आणि नाव असूनही काय होतं ते बघा. जो लुईस बारा वर्षं हेवीवेट जगज्जेता होता, पंचवीस वेळा त्यानं पट्टा राखला. कराच्या थकबाकीनं त्याला असं ग्रासलं की उतारवयात तो लास व्हेगासच्या कॅसिनोत पाहुण्यांशी हात मिळवायच्या नोकरीवर होता. अलीनं १९८० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, लॅरी होम्सशी नको होती ती लढत केली, मार खाल्ला, आणि ठरलेले पैसे पूर्ण मिळाले नाहीत म्हणून प्रमोटर डॉन किंगवर दहा लाख डॉलरहून मोठा दावा लावला. शेवटी पन्नास हजार रोख घेऊन त्यानं तो दावा सोडला. व्हिएतनाम युद्धाला नकार देऊन साडेतीन वर्षं बंदी सोसणारा, अमेरिकन सरकारविरुद्ध सुप्रीम कोर्टात जिंकणारा हा माणूस. तो सरकारपुढे वाकला नाही, प्रमोटरच्या हिशेबापुढे दमला. अमेरिकेनं २००० साली बॉक्सरांच्या करारांचा कायदा केला त्याला अलीचंच नाव आहे. प्रमोटरनं लढतीतून आपल्याला काय मिळतंय ते बॉक्सरला सांगायचं, बळजबरीच्या अटी चालणार नाहीत, अशा तरतुदी त्यात आहेत. त्याआधी १९९६ च्या कायद्यानं रिंगपाशी डॉक्टर, रुग्णवाहिकेची सोय आणि बॉक्सरचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता. एवढ्यानं तिथला धंदा धुतल्या तांदळासारखा झाला नाही. पण विचारायला जागा झाली.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असंही नाही, नाहीतर माझं दुकान बंद झालं असतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की माणसाला धंदा करण्यापासून अडवणारी अट रद्दबातल. श्रीरामपूरच्या जहीर खानला त्याच्या जुन्या व्यवस्थापन कंपनीनं मुदत संपल्यावरही बांधून ठेवायला बघितलं, तेव्हा २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच कलम लावलं. पण जहीर भारतीय संघाचा गोलंदाज होता. करार चालू असतानाच्या तीन वर्षांचं काय? मुंबईच्या कोर्टात तारखेला जायचं तर केजहून रात्रीची बस, दोन दिवसांची मजुरी आणि तिथला वकील. कलम २७ पुस्तकात आहे आणि बस सुटते आठ वाजता.

मग काय करायचं? महाराष्ट्रानं हा प्रश्न एकदा सोडवून पाहिलाय. हमालांना ठरलेला मालक नसायचा, टोळीवाला मधे खायचा, पाठ मोडली तर कुणी विचारायचं नाही. १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मालाच्या मालकानं मजुरीवर टक्केवारीनं लेव्ही भरायची, ज्यातून दवाखाना, भविष्यनिर्वाह निधी. व्यावसायिक बॉक्सर हा दुसरा कोण आहे? ठरलेला मालक नाही, मधे टोळीवाला आहे, पाठीऐवजी डोकं आहे. लढतीआधी रक्कम मंडळात जमा झाली पाहिजे. तिकिटावर आणि प्रक्षेपणाच्या पैशावर लेव्ही लागली पाहिजे. वर्षाला मेंदूची तपासणी प्रमोटरच्या खर्चानं, आणि ती वळती करायची नाही. नॉकआऊटनंतरची सक्तीची विश्रांती सगळ्या संस्थांना बंधनकारक. कराराची प्रत मराठीत. अठराखालच्या पोराला व्यावसायिक रिंगमध्ये पाय ठेवू द्यायचा नाही. मंडळ म्हटलं की लोक हसतात, ते मला माहीत आहे. माथाडीत दादागिरी शिरली, आणि ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं तरी त्यातलं फडापर्यंत काय पोचलं, हे टोळीतल्या बाईला विचारा. तरीही माथाडी कायद्याआधीचा हमाल आणि नंतरचा हमाल यांत फरक आहे, आणि तो फरक बंदीनं आलेला नाही.

कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या काळात गिरण्यांमध्ये माणसं फुप्फुसं गमावत होती. गिरण्या पाडा असं ते म्हणाले नाहीत, तुमची मर्जी असंही म्हणाले नाहीत. त्यांनी रविवारची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० ला ती मिळवली. किमच्या मृत्यूनंतर जागतिक लढती पंधरा राउंडांवरून बारावर आल्या, त्याही कुणीतरी असंच एक बारकं मागणं लावून धरलं म्हणून. कमी झालेल्या त्या तीन राउंडांमुळे किती माणसं वाचली ते मोजता येत नाही.

त्या पोराच्या नऊ पानांवर मी पेन्सिलीनं खुणा केल्या. मुदतवाढ दोघांच्या संमतीनं. लढतीमागे किमान रक्कम आकड्यात. खाणं-राहणं वळतं नाही. दुखापतीचा खर्च आणि विमा प्रमोटरचा. कोर्ट बीडचं. बाप खुर्चीच्या कडेवर बसून बघत होता. त्यांची टोळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कर्नाटकात निघणार होती आणि यंदा पोरगा सोबत नसेल तर अर्धा कोयता कमी पडणार होता. पोरानं एकेका पानाचा फोटो काढला. भुवई अजून दुखत असावी, कारण स्क्रीनकडे तो उजवा डोळा मिटून बघायचा. पानं पाठवली. जरा वेळानं दोन निळ्या खुणा उमटल्या. “बघितलं त्यांनी,” तो म्हणाला, आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. त्याला आता वीस दिवस झाले. टोळी गेली. उत्तर आलेलं नाही. काल जिमच्या पोरांकडून कळलं की तोच करार, पेन्सिलीच्या खुणा नसलेला, धारूरच्या एका पोराला आलाय.